सैरंध्रीची फिर्याद

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे परदास्यांत पडलेली भारतभूमि, कंक म्हणजे नेमस्त आणि बल्लव म्हणजे जहाल, असा अर्थ तेव्हांच्या प्रेक्षकांनीं लावला, व सरकारनेंही तोच लावला. नाटकाच्या अर्थाविषयीं राजा आणि प्रजा यांचें इतकें एकमत झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. तो अर्थ चुकीचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. ‘केसरी’ंत लिहिणाऱ्या खाडिलकरांच्या मनांत तो असणें अगदीं स्वाभाविक होतें. परंतु शंभरांहून अधिक वर्षांनीं तें कथानक पुन्हां डोळ्यांखालून घातलें असतां एक गोष्ट मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं. रूपक क्षणभर बाजूस ठेवलें, तर खालीं उरते ती दुसऱ्याच्या घरीं नोकरी करणाऱ्या एका बाईची फिर्याद. आणि ती मात्र त्या गर्दींत कोणीच ऐकली नाहीं.

मूळ विराटपर्वच घ्या. सैरंध्री ही सुदेष्णा राणीच्या महालांत केशरचनेच्या कामास राहिलेली दासी. तिच्यावर नजर ठेवणारा पुरुष कोणी आडवाटेचा दरोडेखोर नव्हे. तो मालकिणीचा भाऊ व राज्याचा सेनापति. त्याच्या घरीं मद्य आणण्याच्या निमित्तानें तिला एकटीला पाठविते कोण? तर खुद्द मालकीण, आणि तीही भावाचें मनोगत जाणून! तेथून निसटून सैरंध्री धांवत राजसभेंत येते, तेथें सर्वांदेखत कीचक तिला लाथ मारतो, आणि विराट राजा गप्प राहतो. कारण राज्य त्याचें असलें तरी सैन्य कीचकाच्या मुठींत आहे. सभेंत तिचा पति धर्मराज कंकाच्या वेषांत बसलेला असतो. तो तिला काय सांगतो? वेळकाळ न ओळखतां एखाद्या नटीसारखी रडून तूं सभेंतील द्यूतांत व्यत्यय आणीत आहेस, तेव्हां आंत जा, अशा आशयाचें त्याचें बोलणें महाभारतांत आहे. नटीसारखी! अपमान झालेल्या स्त्रीच्या रडण्यावर अविश्वास दाखवावयाचा तर तिला नटीची उपमा द्यावी, हा संकेत इतका जुना आहे. आणि शेवटीं कीचक मारला जातो तो कोठें? नर्तनशाळेंत, जेथें दिवसा मुली नृत्य शिकत आणि रात्रीं आपापल्या घरीं जात. त्या शाळेंतील नृत्यशिक्षक बृहन्नडा, म्हणजे स्त्रीवेष घेतलेला अर्जुन.

कामाचें ठिकाण, वरिष्ठाचा नातलग, निमित्त काढून एकटीस धाडणें, वर केलेली तक्रार, वरच्याचें मौन, आणि हितचिंतकाचा ‘आतां नको, जरा थांब’ हा उपदेश: ज्यास आजचा कायदा कामाच्या ठिकाणींचा लैंगिक छळ म्हणतो, त्याचें याहून पुरें वर्णन कोणत्याहि वकिलास करितां येणार नाहीं. आणि गंमत अशी कीं, १९०७ सालीं हें दुःख रंगभूमीवर बोलून दाखविणारी सैरंध्री पुरुष होती.

ती पुरुष कां होती, येथून आमच्या प्रस्तुत विषयास प्रारंभ होतो. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तेव्हां सीता मुलगाच झाला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ आणलें तेव्हांही तीच रीत चालू राहिली, आणि पुढें भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व यांनीं त्या रीतीचें एका स्वतंत्र कलेंत रूपांतर केलें. बालगंधर्वांच्या बाळपणाचा कांहीं काळ आमच्या खानदेशांत, जळगांवीं गेला, याचा आम्हां खानदेशवासीयांस रास्त अभिमान आहे. त्या कलेची थोरवी आम्ही लेशमात्र कमी लेखीत नाहीं. प्रश्न आहे तो तिच्या मुळाशीं असलेल्या विचाराचा. कुलीन स्त्रीनें नाटकांत जाऊं नये असें जो तो म्हणे. कां जाऊं नये असें विचारल्यास उत्तर येई कीं तेथें तिची अब्रू राहणार नाहीं. म्हणजे अब्रू घेणारे कोण हें सर्वांस माहीत होतें! तथापि त्यांस दाराबाहेर घालावें असें कोणास सुचलें नाहीं. स्त्रीलाच बाहेर ठेवण्यांत आलें. चोराच्या भीतीनें धन्यासच घराबाहेर काढावें, अशांतला हा न्याय झाला.

बरें, स्त्रिया नव्हत्या म्हणून मंडळींच्या बिऱ्हाडांत सर्व आलबेल होतें असें समजावें काय? नाटकमंडळ्यांत गोड गळ्याचीं व गोरीगोमटीं मुलें फार लहानपणीं घेतलीं जात. केशवराव भोसले ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळींत अगदीं बालवयांतच दाखल झाले, आणि गळा व रूप यांच्या बळावर पुढें १९०८ सालीं त्यांनीं ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. सर्वांच्याच नशिबीं असा उत्कर्ष नव्हता. रात्रभर जागरण, आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं मुक्काम, आईबाप दूर, जेवण व निजणें कंपनीच्या मर्जीवर, आणि दिवसभर स्त्रीसारखें चालण्याबोलण्याची तालीम. अशा स्थितींतल्या दहाबारा वर्षांच्या मुलाची राखण कोण करीत होतें? आमच्या नाट्येतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत कोणत्या नाटकाचा पहिला प्रयोग कोणत्या तारखेस झाला व कोणत्या राजानें कोणास कसली शाल दिली याची नोंद तपशीलवार सांपडते. हा प्रश्न मात्र तेथें शोधावा लागतो. लहान मुलगे व मुली या दोघांसही संरक्षण देणारा कायदा आमच्या देशांत २०१२ सालीं झाला. भाव्यांच्या सीतेपासून मोजल्यास १६९ वर्षांनीं.

स्त्रिया आल्या त्या हळूहळू, आणि बहुधा गरजेनें आल्या. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई कामत व त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई या दोघींनीं १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटांत काम केलें. पुढें कमलाबाई गोखले या नांवानें त्या नाटकांतही गाजल्या. सुशिक्षितांच्या रंगभूमीवर हें दार राजरोस उघडलें तें १९३३ सालीं, ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनीं भूमिका केल्या तेव्हां. तें नाटक ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून घेतलेलें होतें, व त्याचा विषयच असा कीं नीतीचें माप स्त्रीस एक आणि पुरुषास दुसरें कां. योगायोग असला तरी फार सूचक आहे. मात्र दार उघडलें म्हणजे आंतली व्यवस्था बदलली असें नव्हे. पडद्यामागील खोली एक, प्रवासाची गाडी एक, मालकाच्या हातीं भूमिका देणें व काढून घेणें, आणि घरीं सासू अगर आई ‘नाटकांत गेल्यावर असें व्हावयाचेंच’ म्हणण्यास तयार!

पण हा सर्व इतिहास पांढरपेशांचा झाला. ज्या रंगभूमीवर स्त्री आधींपासून उभी होती, तिचें काय? आमचें दोंडाईचा हें तापीच्या खोऱ्यांतलें, मिरचीच्या बाजाराचें गांव. सुरत–भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळें करमणुकीचें वारें येथें लौकर पोंचलें. पण आमच्या भागाची खरी रंगभूमि म्हणजे यात्रेंतला तमाशा. पठ्ठे बापूरावांच्या बरोबरीनें उभी राहून महाराष्ट्र वेडा करणारी पवळा ही तमाशाच्या बोर्डावरील पहिली स्त्री मानली जाते. तिच्यामागून कित्येक पिढ्या आल्या. त्या बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या. म्हणून त्यांच्या अब्रूची चर्चा करावी असें सभ्य समाजास वाटलें नाहीं, कारण त्यांस ती आहे हेंच त्यास कबूल नव्हतें. हें लिहितांना लेखणी अडखळते, परंतु खरें तें असें आहे.

आम्ही आठनऊ वर्षांचे असूं. मामांच्या बोटास धरून सारंगखेड्याच्या दत्तयात्रेस गेलों होतों. तापी ओलांडली कीं यात्रा दिसूं लागे. दिवसा घोड्यांचा बाजार, रात्रीं तमाशाचे तंबू. मामांनीं घरीं न सांगण्याच्या बोलीवर आम्हांस तंबूंत नेलें. पुढच्या रांगेंतला एक फेटेवाला नोट उंच धरून नाचणारीस बोलावीत होता. ती आली, नोट घेण्यास वांकली, आणि त्यानें तिचें मनगट धरून ठेविलें. ती हंसत राहिली. ढोलकीवाला तोच तोडा पुन्हां पुन्हां वाजवूं लागला. लोक शिट्ट्या मारूं लागले. इतक्यांत गौळणींतली मावशी, म्हणजे लुगडें नेसलेला तो पुरुष नट, कांहींतरी अचकटविचकट बोलत त्या दोघांच्या मध्यें घुसली, फेटेवाल्याच्या गळ्यांत पडली, हंशा उसळला आणि मनगट सुटलें. आम्हीही पोट धरधरून हंसलों. तो विनोद नव्हता, ती त्या फडाची संरक्षणव्यवस्था होती, हें कळावयास आम्हांस पुढें तीस वर्षें लागलीं. एवढेंच आठवतें कीं, बाई मागें वळली तेव्हां तिच्या हातांतल्या बांगड्या फुटल्या होत्या, आणि पुढची लावणी तिनें तो हात पाठीशीं धरून केली.

या नोटा देण्याघेण्याच्या प्रकारास ‘दौलतजादा’ म्हणतात. शब्द मोठा राजेशाही आहे. पेशवाईअखेरच्या बैठकींची त्यास हवा आहे. प्रत्यक्षांत त्याचा अर्थ असा कीं, कलावतीच्या उत्पन्नाचा एक भाग मालकाच्या पगारांतून न येतां प्रेक्षकाच्या हातून येतो, व तो हात केव्हां सोडावयाचा हें प्रेक्षक ठरवितो. त्यांत भर पडते ‘उचली’ची. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो व बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो. मधल्या पावसाळ्यांत काम नसतें. तेव्हां घर चालविण्यास व मुलांबाळांच्या दुखण्यास मालकाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते, आणि ती फिटेपर्यंत फड सोडतां येत नाहीं. सर्वच मालक दुष्ट असतात असें नाहीं. कित्येक फड स्वतः कलावंत असलेल्या बायकांनींच चालविले, व मालकांस सावकाराच्या दारीं उभें राहावें लागतें हेंही आम्हीं पाहिलें आहे. तथापि जिला निघून जातां येत नाहीं तिच्या ‘होय’ चा अर्थ काय करावयाचा?

सरकारनें यांत लक्ष घातलें नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. फार घातलें. फक्त तें भलत्याच ठिकाणीं घातलें. १८७६ चा नाटकांच्या प्रयोगांविषयींचा कायदा पाहा. बदनामीकारक, राजाविषयीं अप्रीति उत्पन्न करणारा, अथवा प्रयोगास हजर असलेल्यांची नीति बिघडविणारा खेळ बंद पाडण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. हजर असलेल्यांची, म्हणजे प्रेक्षकांची! फेटेवाल्याची नीति नाचणारीमुळें बिघडूं नये याची काळजी इंग्रज सरकारास होती. नाचणारीच्या मनगटाची काळजी त्या कायद्याच्या कोणत्याहि कलमांत नाहीं. स्वराज्य आल्यावर दृष्टि बदलेल अशी अपेक्षा होती. १९४८ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें तमाशावर बंदी घातली. हेतु शुद्ध होता. खेरांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण हजारों कलावंतांच्या चुली विझल्या, ओरड झाली, आणि मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधारण्यासाठीं समिति नेमण्यांत आली. वगनाट्यें तपासून घ्यावींत, अश्लील शब्द गाळावेत, असा त्या सुधारणेचा रोख होता. पुढें १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमान्वयें करमणुकीच्या जागांस व प्रयोगांस परवाने लागूं लागले, आणि संहिता वाचणारें परिनिरीक्षण मंडळ आलें. १९७२ सालीं तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ मधील अनेक वाक्यें कापण्याचा त्या मंडळानें आग्रह धरला, तेव्हां कमलाकर सारंग उच्च न्यायालयांत गेले व नाटक सोडवून आले.

सखाराम घरांत आणलेल्या निराधार बायकांस कसें वागवितो, हें प्रेक्षकांनीं ऐकावें कीं नाहीं यावर महाराष्ट्रांत केवढें रण माजलें! त्या काळचीं वर्तमानपत्रें त्यानें भरलेलीं आहेत. परंतु सखारामाचे प्रयोग करणाऱ्या, अगर दुसऱ्या कोणत्याहि नाटकाचे दौरे करणाऱ्या नटींस रात्रीं कोठें उतरवितात, कपडे बदलण्याच्या खोलीस कडी आहे कीं नाहीं, आणि कोणीं अतिप्रसंग केल्यास त्यांनीं कोणाकडे जावें, यावर एक अग्रलेख आम्हांस कोणीं दाखवावा. शब्द तपासणारे पुष्कळ होते. विंगेंत डोकावणारा कोणी नव्हता. २००५ सालीं महाराष्ट्रांतील डान्सबार बंद करण्यांत आले तेव्हां हीच १९४८ ची गोष्ट निराळ्या कपड्यांत पुन्हां आली. बाईस जेथें त्रास होतो तें ठिकाण बंद केलें म्हणजे बाईचें संरक्षण झालें, हा आमच्या राज्यकर्त्यांचा आवडता सिद्धान्त आहे, मग राज्य कोणाचेंहि असो.

या संदर्भांत विठाबाई नारायणगांवकर यांची गोष्ट नेहमीं सांगितली जाते. दिवस भरलेले असतांना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू होतांच पडद्यामागें गेल्या, प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली, आणि पुन्हां नाचावयास उभ्या राहिल्या. तें कळतांच प्रेक्षकांनीं हात जोडून खेळ थांबविला. शाळकरी मुलांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांनीं ती गोष्ट सद्गदित होऊन सांगितलेली आम्हीं ऐकली आहे. विठाबाईंच्या निष्ठेपुढें आमचेंही मस्तक नम्र होतें. पण ती गोष्ट ज्या थाटांत सांगितली जाते तो थाट आम्हांस रुचत नाहीं. प्रसूतीच्या रजेचा व पगाराचा कायदा या देशांत १९६१ सालीं झाला. ज्या धंद्यांत बाईस नवव्या महिन्यांत नाचावें लागतें, त्या धंद्याविषयींची ही फिर्याद आहे. आपण तिची आरती करून टाकली. विठाबाईंस राष्ट्रपतींच्या हस्तें सन्मान मिळाला, व २००२ सालीं त्या वारल्या त्या आर्थिक विपन्नावस्थेंत.

कलावतींनीं स्वतः बोलावयास प्रारंभ केला तो उशिरा. हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ हें आत्मचरित्र १९७० सालीं पुस्तकरूपानें आलें. घरच्या मिळकतीसाठीं कोंवळ्या वयांत कॅमेऱ्यासमोर उभी केलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारीं माणसें, आणि तिच्यावरच ठेवला जाणारा बदफैलीपणाचा ठपका: मराठींत तोंवर कोणा नटीनें इतक्या उघडपणें लिहिलें नव्हतें. त्यावर श्याम बेनेगल यांनीं १९७७ सालीं ‘भूमिका’ हा चित्रपट काढला व त्यांत हंसाबाईंची भूमिका स्मिता पाटील यांनीं केली. स्मिताबाईंचें घराणें आमच्या शिरपूरचें. त्या भूमिकेस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तेव्हां खानदेशांत पेढे वांटले गेले असतील. मूळ पुस्तक किती घरांत वाचलें गेलें तें निराळें. १९९४ सालीं डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलें. बापाच्या जागीं आईचें नांव लावणाऱ्या या लेखकानें नाचणाऱ्या बाईच्या घरांतली ती बाजू दाखविली जी तंबूंतून दिसत नाहीं: मुलगी वयांत आली कीं तिचा सौदा करणारे बाप आणि भाऊ. मालकास दोष देऊन मोकळें होणाऱ्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें.

न्यायदेवतेनें कूस बदलली ती नाटकाच्या नव्हे, खेड्यांतल्या एका साध्या सेविकेच्या निमित्तानें. राजस्थानांत सरकारी योजनेंत ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनीं बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ सालीं त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांतून निघालेल्या विशाखा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १३ ऑगस्ट १९९७ रोजीं कामाच्या ठिकाणांसाठीं नियम घालून दिले. पुढें सोळा वर्षांनीं, २०१३ सालीं, संसदेनें कायदा केला. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं बालाजरठ विवाहाविरुद्ध रंगभूमीवर उभी राहिली होती; त्याच कुप्रथेशीं झगडणाऱ्या एका बाईच्या दुःखांतून रंगभूमीवरील बायकांच्या संरक्षणाचा कायदा निघावा, हा इतिहासाचा एक विलक्षण वळसा होय.

हा कायदा आम्हीं मुद्दाम बारकाईनें वाचला. त्यांत खाजगी संस्था मोजतांना करमणुकीच्या संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. कामाचें ठिकाण म्हणजे केवळ कचेरी नव्हे; कामानिमित्त जेथें जावें लागेल ती जागा, व मालकानें दिलेलें वाहनसुद्धां. म्हणजे राहुटी, कनात, मालमोटारींतला रात्रीचा प्रवास, सर्व कांहीं आलें. पगारी, रोजंदारीची, शिकाऊ, बिनपगारी हौशी, सर्व स्त्रिया आल्या. मालकानें आपल्या माणसांपासूनच नव्हे, तर कामाच्या जागीं संबंध येणाऱ्या इतरांपासूनही संरक्षण द्यावें असें त्यांत म्हटलें आहे. सारंगखेड्याचा तो फेटेवाला येथें बरोबर बसतो. दहा वा अधिक माणसें कामास असतील तेथें स्त्रीच्या अध्यक्षतेखालीं अंतर्गत समिति हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया तींत असूं नयेत, बाहेरची एक जाणती व्यक्ति असावी. समिति न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. मोठ्या ढोलकीफडांत शंभराच्या वर माणसें असतात. अशी समिति असलेला एकही फड आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर हौशी व व्यावसायिक नाटकसंस्थांतही ती क्वचितच दृष्टीस पडली.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कचेरी होती, हें मुदतीच्या कलमावरून दिसतें. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. कार्तिकांत घडलेल्या प्रकाराची मुदत माघांत संपते. बाई तेव्हां उचलीनें बांधलेली, फड रोज नव्या गांवीं, चार दिवसांनीं नव्या जिल्ह्यांत. दहांहून कमी माणसांच्या संगीतबारीसाठीं जिल्ह्याची स्थानिक समिति आहे; पण कोणत्या जिल्ह्याची? धुळ्याची, नंदुरबारची, कीं जेथून उचल घेतली त्या गांवची? तक्रारीची मुदत हंगामाच्या शेवटापासून मोजावी, आणि सुपारीच्या कागदावरच यात्राकमिटीनें व फडमालकानें मिळून सुरक्षिततेची जबाबदारी लिहून द्यावी, एवढें केलें तरी पुष्कळ होईल असें आम्हांस वाटतें. नारळ, मानपान आणि तंबूची जागा त्या कागदावर लिहितातच. दोन ओळी अधिक लिहिल्यानें शाई संपणार नाहीं.

हें एकट्या महाराष्ट्राचें लांछन नव्हे. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरनें २०१७ सालीं रंगभूमीवरील लोकांचे अनुभव एक दिवसभर जाहीर वाचून दाखविले व नंतर वर्तनाचे नियम छापले. केरळांत त्याच वर्षीं एका नटीवर झालेल्या अत्याचारानंतर सरकारनें न्यायमूर्ति हेमा यांची समिति नेमली. तिनें २०१९ च्या अखेरीस दिलेला अहवाल लोकांपुढें यावयास ऑगस्ट २०२४ उजाडला. दरम्यान २०२२ सालीं केरळ उच्च न्यायालयानें प्रत्येक चित्रनिर्मितीच्या ठिकाणीं समिति हवी असें ठरविलें. त्या अहवालांतली एक मागणी वाचून आम्ही बराच वेळ थांबलों: शौचालयाची व कपडे बदलण्यास सुरक्षित जागेची.

आतां जें लिहावयाचें तें टाळतां आलें असतें तर बरें झालें असतें. वीसबावीस वर्षांपूर्वीं आम्ही एका महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाचें व नाटकाचें काम पाहत होतों. एकांकिकेच्या स्पर्धेसाठीं बाहेरून दिग्दर्शक बोलाविला होता. तालमीस पंधरा दिवस झाले असतील, तों नायिकेचें काम करणारी मुलगी आमच्याकडे आली. तोंडानें कांहीं बोलली नाहीं. वहीचा एक दुमडलेला कागद पुढें केला. त्यांत तिनें तारीखवार, साध्या मराठींत, सर्व लिहिलें होतें. आम्हीं तो वाचला आणि म्हणालों, “स्पर्धा आठ दिवसांवर आली आहे, तेवढी होऊं दे, मग आपण बघूं.” त्या वेळीं विशाखा निकालास पांचसहा वर्षें होऊन गेलीं होतीं, व त्याप्रमाणें आमच्या संस्थेंत समिति असावयास हवी होती. ती नव्हती, आणि ती नसावी याचें आम्हांस नवल वाटलें नव्हतें. इंग्रजी नाट्यवाङ्मयाचे आम्ही अध्यापक. विराटसभेंतल्या कंकाचें भाषण आम्हांस मुखोद्गत होतें. तें आपण स्वतःच करीत आहोंत हें मात्र ध्यानांत आलें नाहीं.

ती दुसऱ्या दिवसापासून तालमीस आली नाहीं. तिच्या घरून निरोप आला कीं नाटक आतां नको. आयत्या वेळीं दुसरी मुलगी मिळेना, म्हणून ती भूमिका एका मुलानें साडी नेसून केली. प्रयोग बरा झाला. त्या मुलास उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालें, आणि परीक्षकांनीं आपल्या भाषणांत बालगंधर्वांची आठवण काढली. दिग्दर्शकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. श्रीफळ आम्हींच दिलें.

कागद आमच्या टेबलाच्या खणांत राहिला. २०१४ सालीं नव्या कायद्यान्वयें महाविद्यालयांत समिति झाली, तेव्हां एके दिवशीं तो काढून आम्ही तिच्या अध्यक्षाबाईंकडे गेलों. त्यांनीं चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, वरची तारीख पाहिली व मुदत केव्हांच टळून गेल्याचें सांगितलें. आम्ही तो परत घेण्यास हात पुढें केला. पण त्यांनीं कागद दिला नाहीं. पंचिंग मशीननें त्यास दोन भोंकें पाडलीं, आणि नव्या कोऱ्या फाइलींत पहिल्या क्रमांकावर लाविला.